आप्पांनी ‘छातीवर दाबू नका’ असे सांगितले आहे. ते पाळायचे कसे?

जांबोटी रस्ता (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. आमचे आप्पा ७४ वर्षांचे आहेत. मराठी प्राथमिक शाळेत ३६ वर्षे शिकवून ते निवृत्त झाले. मागच्या वर्षी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि आता तो यकृतापर्यंत पोहोचला आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी केमोथेरपी थांबवली असून यापुढे त्रास कमी करणे एवढेच हातात आहे, असे आम्हाला स्पष्ट सांगितले आहे. आप्पांना हे सगळे ठाऊक आहे. ते पूर्ण शुद्धीवर आहेत, रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतात, आणि छपाईतल्या चुका अजूनही मोठ्याने वाचून दाखवतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारचे काका बेळगावच्या एका रुग्णालयात १९ दिवस व्हेंटिलेटरवर होते. आप्पा त्यांना भेटून आले. घशात नळी होती आणि ती ओढून काढू नये म्हणून दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधले होते. काका तिथेच गेले. त्या रात्री जेवण झाल्यावर आप्पांनी आईला आणि मला समोर बसवून सांगितले, “माझं असं काही करू नकासा. श्वास थांबला की थांबला. छातीवर दाबायचं नाही, नळी घालायची नाही, आणि शेवटचे दिवस मला या पडवीतून हलवायचं नाही.” त्यानंतर हेच त्यांनी दोनदा पुन्हा सांगितले आहे, त्यामुळे ते क्षणिक उद्वेगातून आले होते असे मी म्हणू शकत नाही.

अडचण घरातलीच आहे. दादा पुण्याला असतो. त्याचे म्हणणे असे की शेवटपर्यंत प्रयत्न करणे हे मुलांचे कर्तव्य आहे, आणि उद्या नातेवाइकांनी “पैशासाठी बापाला घरीच ठेवलं” असे म्हटले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आत्यांचेही तेच मत आहे. आई काही बोलत नाही. रात्री-अपरात्री श्वास अडकला तर घाबरून कोणीतरी १०८ ला फोन करणार, रुग्णवाहिका २६ किलोमीटरवर बेळगावला नेणार आणि तिथे आप्पांनी नको म्हटलेले सगळे सुरू होणार, हे मला आत्ताच दिसते आहे.

अशी इच्छा कागदावर लिहून ठेवली तर तिला कायद्याने काही अर्थ आहे का, आणि असल्यास तो कागद कसा करावा? कागद मराठीत चालेल का, हेही विचारतो, कारण आमच्या भागात कागदाची भाषा हा प्रश्न कधीच साधा नसतो. आणि खरोखर ती वेळ आली, तर घरातल्या माणसाने नेमके काय करायचे असते?

---

निवृत्त परिचारिका, वडगाव

मी ३१ वर्षे रुग्णालयांत काम केले, त्यातली बरीचशी अतिदक्षता विभागात. कायद्याचे इथले जाणकार सांगतील. मी खाटेजवळचे सांगते.

आपण ज्याला ‘छातीवर दाबणे’ म्हणतो, ते सीपीआर. प्रौढ माणसाची छाती दर मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी निदान पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. नीट केले तर वृद्ध माणसाच्या बरगड्या बहुधा मोडतात, आणि हळू हाताने केले तर त्याचा काही उपयोग नसतो. ज्याचे हृदय अचानक बंद पडले आणि बाकी शरीर धड आहे, उदाहरणार्थ विजेचा धक्का बसलेला किंवा हृदयविकाराचा झटका आलेला माणूस, त्याच्यासाठी हा उपाय संजीवनी आहे, आणि तो प्रत्येकाने शिकून घ्यावा असे माझे मत आहे. परंतु कर्करोग शरीरभर पसरलेला आहे, यकृत आणि फुप्फुसे दमली आहेत, अशा माणसाचे हृदय शेवटी थांबते ते त्या आजाराची शेवटची पायरी म्हणून. ते दाबून पुन्हा सुरू झाले, तरी ज्या कारणाने थांबले ते कारण तसेच असते. मग व्हेंटिलेटर, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी तेच पुन्हा. मी स्वतः असे सीपीआर दिलेले आहेत. हाताखाली बरगडी मोडल्याचे कळते, आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलाला “आम्ही सर्व प्रयत्न केले” असे सांगितले जाते. त्यातले काही प्रयत्न त्या मुलासाठीच होते, रुग्णासाठी नव्हते, असे मला आजही वाटते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० साली याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. केसपेपरवर ‘डीएनएआर’ अशी नोंद करतात. तिचा अर्थ एवढाच की हृदय किंवा श्वास थांबल्यास पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये. बाकीचे उपचार, म्हणजे वेदनाशामके, ऑक्सिजन, प्रतिजैविके, जखमेची निगा, जसेच्या तसे चालू राहतात. आप्पा शुद्धीवर आहेत, त्यामुळे सर्वांत सोपी गोष्ट अशी की पुढच्या तपासणीला तुम्ही दोघे भाऊ त्यांच्यासोबत जा आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगू द्या. डॉक्टरांकडून ती नोंद लिहून आणि सही करून घ्या. मुलगा सांगतो आणि रुग्ण सांगतो, यात डॉक्टरांच्या दृष्टीने फार फरक पडतो.

घरी शेवट होणार असेल, तर खरी तयारी औषधांची करावी लागते. आमच्याकडे कित्येकदा नातेवाईक ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ अशा कागदावर सही करून रुग्णाला घरी नेतात आणि सोबत काहीच नसते. मग पहाटे तीन वाजता धाप लागली की घरचे हादरतात, आणि १०८ ला फोन जातो तो यामुळे. फुप्फुसाच्या कर्करोगात धाप लागणारच, हे गृहीत धरा. तोंडी मॉर्फिनच्या थोड्या मात्रेने धापेची घालमेल पुष्कळ कमी होते. अंमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले आहे, तेव्हा डॉक्टरांना थेट नाव घेऊन विचारा आणि मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. याशिवाय पाठीमागे उशा लावून अर्धवट बसवणे आणि तोंडावर पंखा सोडणे याने फार बरे वाटते. शेवटच्या एक-दोन दिवसांत घशात घरघर लागते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण रुग्णाला बहुधा तिची जाणीव नसते. कुशीवर वळवावे आणि ओल्या कापसाने ओठ पुसत राहावे. जेवण जात नाही म्हणून घशात पेज ओतू नये. ती श्वासनलिकेत जाते.

हे सगळे आईंना आधी सांगून ठेवा. त्या बोलत नाहीत याचा अर्थ त्या घाबरलेल्या आहेत, असा मी धरते.

---

वकील, बेळगाव न्यायालय

कागदाला कायद्याने अर्थ आहे, आणि तो चांगला भक्कम आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात, सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे ठरवले आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे ज्याला आपण लिव्हिंग विल म्हणतो त्याला, मान्यता दिली. पण तेव्हा घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे, आणि प्रत्यक्षात ते फारसे कोणी केले नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने स्वतःच ती पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घेतले की पुरते. साक्षीदार शक्यतो स्वतंत्र, म्हणजे वारसांपैकी नसलेले असावेत. कोणत्या परिस्थितीत कोणता उपचार नको, हे संदिग्धता न ठेवता लिहावे, आणि आप्पांना बोलता येईनासे झाले तर त्यांच्या वतीने संमती किंवा नकार कोण देईल त्याचे, किंवा त्यांची, नावे घालावीत. हे इच्छापत्र आप्पा केव्हाही लेखी रद्द करू शकतात किंवा बदलू शकतात. एक प्रत घरच्या डॉक्टरांना द्यावी आणि एक स्थानिक संस्थेच्या, म्हणजे तुमच्या बाबतीत ग्रामपंचायतीच्या, सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी. पंचायतीत गेल्यावर “हे काय आहे?” असे विचारले जाण्याची शक्यता बरीच आहे, तरीही प्रत आवक नोंदवून द्या आणि पोच घ्या.

इच्छापत्र केव्हा लागू होते, हे नीट समजून घ्यावे. जोपर्यंत आप्पा शुद्धीवर आहेत आणि समजून बोलू शकतात, तोपर्यंत त्यांचा तोंडी नकार हाच निर्णय असतो. कागदाची पाळी येतच नाही. ते निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसताना रुग्णालयात जीवरक्षक उपचार थांबवायचे किंवा सुरू न करायचे असतील, तेव्हा उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. त्यानंतर दुय्यम मंडळ ते पडताळते. या दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. अंमलबजावणीपूर्वी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. त्यांच्या परवानगीसाठी थांबायचे नसते. कर्नाटक सरकारच्या आरोग्य खात्याने ३० जानेवारी २०२५ रोजी याच निकालाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला आहे. रुग्णालयात कोणी “असे काही नसते” म्हणाले, तर त्या आदेशाची प्रत पुढे करावी.

भाषेविषयी. इच्छापत्र सही करणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत असणे हेच महत्त्वाचे आहे, तेव्हा मूळ मराठीत करा. मात्र सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. हा सल्ला मी सीमाप्रश्नाच्या संदर्भात देत नाही. रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेला अर्ध्या मिनिटात वाचता आले नाही, तर कागद असून नसल्यासारखा होतो. उद्या तुम्ही आप्पांना कोल्हापूरला किंवा मिरजेला नेले तरी हेच इच्छापत्र चालेल, कारण सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा देशभर बंधनकारक असतो.

आणखी एक, कारण तुमच्या दादांच्या मनात हेच असावे असा माझा तर्क आहे. वर्तमानपत्रे या विषयावर ‘इच्छामरण’ असा मथळा देतात आणि लोकांना वाटते की डॉक्टर इंजेक्शन देऊन मारणार. तसे करणे भारतात आजही गुन्हाच आहे. आप्पा मरण मागत नसून एक उपचार नाकारत आहेत. अरुणा शानबाग यांचे नावही अशा चर्चेत हमखास निघते. त्या आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असताना १९७३ साली त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून त्या भान हरपलेल्या अवस्थेत खाटेवर होत्या आणि २०१५ साली गेल्या. त्यांच्या प्रकरणातल्या २०११ च्या निकालाने प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरवली होती. बरेच लोक अजून तोच नियम धरून बसले आहेत. तो आता राहिलेला नाही.

---

निपाणीकर

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण दुसरी बाजूही नोंदवतो.

माझ्या आईच्या केसपेपरवर अशीच नोंद होती. तिची आणि आमची संमती होती, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु नंतर तिला मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप चढला, तेव्हा त्या रुग्णालयातल्या कनिष्ठ डॉक्टरांनी जवळजवळ दीड दिवस काहीच केले नाही. विचारल्यावर “तुम्हीच लिहून दिलंय ना” असे उत्तर मिळाले. संसर्ग बरा होण्यासारखा होता, आणि वरिष्ठ डॉक्टर आल्यावर तो बराही झाला. त्यानंतर आई सात आठवडे जगली. त्यात माझ्या भाचीचे बारसे तिने पाहिले. म्हणून माझी विनंती अशी की काय नको याच्या जोडीला काय हवे तेही त्याच कागदावर लिहावे. ताप आला तर औषध हवे, बद्धकोष्ठ झाले तर उपाय हवा, वेदना तर मुळीच नको. आणि हे तोंडी सांगून भागत नाही, कारण पाळी बदलली की माणसे बदलतात.

दादांना सरसकट चुकीचे ठरवू नये, असेही वाटते. आमच्या भागात शेतजमिनीचे वाद घरोघरी आहेत आणि म्हाताऱ्या माणसाकडून सही घेतली गेली की ती कशावर घेतली हे गावाला ठाऊक नसते. प्रश्नकर्त्यांच्या घरी तसे काही नसेल. पण लांब राहणाऱ्या भावाला संशय येणे अगदीच अस्वाभाविक नाही, आणि तो त्याला समोर बसवूनच दूर करावा लागेल. फोनवर ते होत नाही.

---

भोजकर

निपाणीकरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी भोज गावचा, जैन आहे. आचार्य शांतिसागर महाराज आमच्या गावचे; त्यांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये संथारा, म्हणजे सल्लेखनाच, बेकायदा ठरवला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा आमच्याकडे घरोघरी याचीच चर्चा होती.

सल्लेखना हे व्रत आहे. त्यात माणूस आहार क्रमाक्रमाने कमी करतो, गुरूंची अनुमती घेतो. आप्पांच्या बाबतीत यातले काहीच नाही, आणि दोन्ही गोष्टी एक आहेत असे मी म्हणत नाही. सांगायचे आहे ते लोक काय म्हणतील याविषयी. माझ्या आजीने व्रत घेतले तेव्हा तिने आधी सगळ्यांना बोलावून क्षमा मागितली आणि आपला निर्णय स्वतः सांगितला. सून, जावई, दूरचे भाऊबंद, सगळे होते. त्यानंतर एकही माणूस माझ्या वडिलांना काही बोलला नाही, कारण प्रत्येकाने ते तिच्याच तोंडून ऐकले होते. आप्पा शिक्षक होते, चारचौघांत बोलण्याची त्यांना सवय असणार. आत्यांना बोलवा आणि त्यांना बोलू द्या. सीमाभागातल्या मराठी माणसाला विनोबांचे उदाहरणही परके नाही; १९८२ साली पवनारला त्यांनी अखेरच्या दिवसांत अन्न आणि औषध दोन्ही नाकारले होते, आणि त्यांच्या भोवतीच्या माणसांनी ते मानले.

---

निवृत्त परिचारिका, वडगाव

निपाणीकरांनी लिहिले ते खरे आहे, आणि तो दोष आमच्या क्षेत्राचा आहे. ‘नोंद आहे’ म्हणजे ‘खाट सोडून द्या’ असा अर्थ काढणारे मी पाहिले आहेत.

एक राहिले होते. घरी मृत्यू झाल्यावर दाखला कोण देणार, हे आधी ठरवा. जे डॉक्टर आजारपणात पाहत आले आहेत, त्यांना आत्ताच विचारून ठेवले तर ते मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देतात. नोंदणी २१ दिवसांत करायची असते. हे न ठरल्यामुळे निव्वळ दाखल्यासाठी मृतदेह रुग्णवाहिकेतून नेल्याचे मला माहीत आहे.

---

जांबोटी रस्ता (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. उशिरा लिहितो आहे, कारण मध्यंतरी धावपळ झाली.

दादा रात्रीच्या बसने आला आणि चार दिवस राहिला. भोजकरांच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही आत्यांना बोलावले. आप्पांनी पडवीत बसून जवळजवळ वीस मिनिटे सांगितले. मध्ये तीनदा थांबून ऑक्सिजन घेतला. थोरल्या आत्या रडल्या आणि म्हणाल्या, “मग निदान गंगाजल तरी घालू दे.” आप्पा म्हणाले, “घाल, पण चमच्याने, आणि शुद्ध असेतोवर.”

इच्छापत्राचा मसुदा मी केला होता. आप्पांनी लाल पेन मागवून त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका काढल्या, आणि ‘मला शांत व सन्मानपूर्वक मृत्यू यावा’ हे वाक्य खोडले. असे वाक्य असले की खालचे कोणी वाचत नाही, असे त्यांचे म्हणणे. निपाणीकरांनी सुचवलेला ‘काय हवे’ हा भाग मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवला. त्यात ताप, वेदना, धाप आणि सकाळचा चहा आहे. साक्षीदार म्हणून त्यांचे एक जुने सहकारी शिक्षक आणि गावातले एक दुकानदार होते. नोटरी गाडी करून घरी आले. त्यांनी आम्हा सर्वांना बाहेर जायला सांगून आप्पांशी एकट्याने बोलणे केले, त्यानंतरच शिक्का मारला. पंचायतीत अपेक्षेप्रमाणे कोणाला काही माहीत नव्हते, परंतु प्रत आवक करून घेतली. कन्नड भाषांतर शेजारच्या गावातल्या हायस्कूलच्या कन्नडच्या बाईंनी करून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

आपल्या वतीने बोलणारा म्हणून आप्पा माझे नाव घालतील असे मी धरून चाललो होतो. त्यांनी पहिले नाव दादाचे घातले, दुसरे आईचे. मी विचारले तेव्हा म्हणाले, “तू तर ऐकणारच आहेस. पुण्याहून फोन येतो तो त्याचा.” दादाने त्यावर काही न बोलता सही केली. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासोबत डॉक्टरांकडे आला, आणि मॉर्फिनच्या मात्रा कधी आणि किती, हे त्यानेच वहीत उतरवून घेतले.

मूळ कागद रेशनकार्डाच्या पिशवीत, दारामागच्या खिळ्याला आहे. एक प्रत शेजाऱ्यांकडे दिली आहे आणि रात्री काही झाले तर प्रथम कोणाला फोन करायचा, तो क्रमांक आईने भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिला आहे. आप्पांना कालपासून धाप जास्त आहे. पंखा लावला आहे. सकाळी वर्तमानपत्र मी वाचून दाखवतो. चुका अजून तेच सांगतात.